‘वाळवंटात कोण आडवं येतंय?’ – आमच्या ग्रुपवर फिरणाऱ्या एका मेसेजला उत्तर

गेल्या पंधरवड्यात कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या, म्हणजे आमच्या कारखानदारांच्या भागातल्या, ग्रुपवर एक मेसेज तीन वेगवेगळ्या लोकांनी टाकला. आशय असा: “विनाचालक गाडी शहरात चालवणं अवघड, वाळवंटात सोपं. तिथं ना ट्रॅफिक, ना म्हशी, ना आडवा येणारा रिक्षावाला. जीपीएसवर मार्ग टाकला की गाडी निघाली. अमेरिकेत 20 वर्षांपूर्वीच हे झालंय. यात सगळा खेळ कोडिंगचा, फिटर-वेल्डरचं काम संपलं. पैसा आणि मोठं विद्यापीठ नसेल तर नादाला लागू नये. कोल्हापूरकरांनी मिसळ खावी.”

मिसळीबद्दल वाद नाही. बाकीच्याबद्दल आहे, कारण गेलं वर्षभर इथल्या एका कॉलेजच्या पोरांची ऑफरोड गाडी माझ्या शेडमध्ये उभी आहे. तिच्यावर स्वतः चालायचे संस्कार सुरू आहेत.

पहिलं म्हणजे जीपीएस. मेसेज लिहिणाऱ्यानं 20 वर्षांपूर्वीचा दाखला दिलाय, पण अर्धाच. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ या संशोधन संस्थेनं विनाचालक गाड्यांची शर्यत पहिल्यांदा 13 मार्च 2004 रोजी मोहावीच्या वाळवंटात घेतली. अंतर साधारण 240 किलोमीटर, बक्षीस 10 लाख डॉलर, पात्र ठरलेल्या गाड्या 15. जीपीएस सगळ्यांकडे होतं, मार्गाचे बिंदूही सगळ्यांना दिले होते. सगळ्यांत लांब गेलेली कार्नेगी मेलन विद्यापीठाची ‘सँडस्टॉर्म’ 12 किलोमीटरही पुरं करू शकली नाही. एका वळणावर ती कडेच्या बांधावर चढून अडकली आणि चाकं जागच्या जागी फिरून टायर पेटला. म्हणजे कोल्हापुरातून निघालेली गाडी जयसिंगपूरच्या बऱ्याच अलीकडे संपली. बक्षीस कुणालाच मिळालं नाही.

जीपीएस गाडीला ती कुठे आहे ते सांगतं, तेही थोडं इकडेतिकडे. पुढच्या चाकासमोर घळ आहे की दगड, हे ते सांगत नाही. 2005 मध्ये ही शर्यत पुन्हा झाली, तिच्या मार्गात तर तीन अरुंद बोगदे होते, आणि बोगद्यात उपग्रह दिसत नाहीत. तिथं गाडीला चाकाचे फेरे मोजून आणि स्वतःचा कल ओळखून अंदाजानं जावं लागतं, अंधारात जिना उतरताना आपण जातो तसं.

आता “आडवं कोण येतंय” हा मुद्दा. माझ्या मते मेसेजमधली सगळ्यांत मोठी चूक हीच, म्हणून जरा थांबतो. वाळवंटात आडवं येतं ते बहुतेक वेळा खरं नसतंच. 2004 मध्ये ‘टेरामॅक्स’ नावाचा अजस्र ट्रक झुडपांना अडथळा समजून दोनेक किलोमीटरवरच अडला. त्याच्या वजनापुढे ती झुडपं म्हणजे कोथिंबीर! धुळीचा लोट लेझरला, म्हणजे किरण सोडून पुढचं अंतर मोजणाऱ्या गाडीच्या डोळ्याला, भिंतीसारखा दिसू शकतो. आणि या सगळ्याहून वाईट म्हणजे गाडीचं स्वतःचं हेलकावणं. हिशोब करा: पुढं बघणारा लेझर नुसता अर्धा अंश खालीवर झाला तर 20 मीटरवरची सपाट जमीन 17 सेंटिमीटर उंच किंवा खोल भासते. म्हणजे नसलेला धोंडा रस्त्यात उभा. शिवाय वेळेची गफलत: ताशी 30 किलोमीटरला गाडी सेकंदाला आठ मीटर पुढं जाते. लेझरचं माप आणि कलाचं माप यांच्यात दहावा हिस्सा सेकंदाचा फरक पडला, तर धोंडा पाऊण मीटरहून जास्त सरकलेला.

2005 ची शर्यत जिंकणाऱ्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘स्टॅन्ली’लाही हाच रोग होता. सेबास्टियन थ्रुन यांच्या चमूनं उपाय केला तो असा: माणसानं गाडी चालवायची, आणि चाकं जिथून गेली ती जमीन ‘चालण्याजोगी’ म्हणून गाडीला शिकवायची. त्यावरून मापांवर कधी आणि किती विश्वास ठेवायचा याची गणितं बसवली. त्याआधी चालण्याजोग्या जमिनीतला आठवा हिस्सा गाडीला अडथळा वाटत होता. म्हणजे कोडच्या आधी, कोडसाठी, कुणीतरी स्टिअरिंग धरून धूळ खाल्ली होती.

आमचं सांगतो. टोपकडच्या खाणीच्या मोकळ्या जागेत गाडी दर पन्नास पावलांवर आपोआप थांबायची. समोर काही नाही. चार दिवस पोरं लॅपटॉपवर. पाचव्या दिवशी आमच्या फिटरमामांनी इंजिन चालू ठेवून लेझरच्या ब्रॅकेटवर नुसता हात ठेवला.

“आगा, हे तर थरथरतंय की.”

“मामा, ते थोडं असतंच.”

“थोडं? माझी दाढ हालाय लागली.”

तीन एमएमचा पत्रा वाकवून केलेलं ब्रॅकेट, वर उंच दांडी, आणि कल मोजणारा सेन्सर मात्र खाली सीटजवळ वेगळ्या पट्टीवर. वरचा एक नाचतोय, खालचा दुसराच नाच सांगतोय. मामांनी चौकोनी पाइप कापला, कोपऱ्यांना गसेट (आधाराच्या तिकोनी पट्ट्या) मारले, दोन्ही सेन्सर एकाच फ्रेमवर घेऊन रोल केजला (गाडीच्या पाइपच्या सांगाड्याला) बांधले आणि उंची वीतभर कमी केली. फुकटचं थांबणं जवळजवळ बंद झालं. कोडमधली एक ओळ बदलली नव्हती. चूक पोरांची नाही, ब्रॅकेट माझ्याच शेडमध्ये वाकवलं होतं.

“फिटर-वेल्डरचं काम संपलं” याचं उत्तर खरं तर इथंच झालं, पण एक दाखला दिल्याशिवाय राहवत नाही. 2005 मध्ये कार्नेगी मेलनची ‘हायलँडर’ पुढं होती. मध्येच इंजिनानं दम सोडला आणि चढावर गाडी रडायला लागली. ‘स्टॅन्ली’ला 6 तास 54 मिनिटं लागली, ‘हायलँडर’ला 7 तास 14. वीस मिनिटांत त्या वर्षीचं 20 लाख डॉलरचं बक्षीस गेलं. कारण सापडलं ते थेट 2017 मध्ये: इंजिनाचं नियंत्रण आणि इंजेक्टर यांच्यामधला एक छोटा इलेक्ट्रॉनिक फिल्टर खराब होता, त्यावर दाब पडला की इंजिन ढासळायचं. ज्या गाडीच्या डोक्यात एवढं गणित कोंबलं होतं, ती एका भागापायी हरली. कनेक्टर, वायरिंग, एअर फिल्टर, अल्टरनेटरची ताकद – ही यादी आमच्याकडचा कुठलाही ऑटो इलेक्ट्रिशियन झोपेत म्हणून दाखवेल.

उलट टोकाला जाणारेही आहेत. “जीप भक्कम असली की झालं” म्हणतात. तेही खोटं. ‘सँडस्टॉर्म’ ही हमर, म्हणजे लष्करी बांध्याची गाडी होती, याहून भक्कम काय आणायचं? ‘स्टॅन्ली’चा सरासरी वेग ताशी 31 किलोमीटरच्या आतच होता, आपला लुना-वाला काका मागे टाकेल असा. तिचं शहाणपण असं की धक्का बसला की ती वेग उतरवायची आणि मग बेताबेतानं परत वाढवायची. किती उतरवायचा हेसुद्धा माणसाच्या चालवण्यावरूनच ठरवलेलं. खासबागेत पहिल्या मिनिटाला अंगावर धावणारा पैलवान पाचव्या मिनिटाला काय करतो ते आपण पाहिलंय.

पैसा आणि मोठ्या विद्यापीठाबद्दल थोडक्यात. 2005 मध्ये शर्यत पुरी करणाऱ्या पाच गाड्यांत चौथी होती ‘कॅट-5’. ती लुइझियानातल्या एका विमा कंपनीच्या लोकांनी बनवलेली, रोबोटिक्सचा त्यांना फारसा अनुभव नव्हता. त्यात कतरिना वादळ त्यांच्याच भागावर कोसळलेलं. तरी 7 तास 30 मिनिटांत पोहोचले. आणि छतावर गरगर फिरणारा जो लेझर आता सगळे ओळखतात, तो याच शर्यतीसाठी डेव्हिड हॉल यांनी घडवला. त्यांचा मूळ धंदा सबवूफरचा. गणपतीत डॉल्बी बांधणाऱ्या आपल्या पोरांना हे सांगून बघा.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्याची मान्य: खर्च आहे. आमचा लेझर जुना, एकाच रेषेत बघणारा आहे. तेवढ्यावर 200 किलोमीटर होणार नाहीत, सध्या खाणीतला सव्वा किलोमीटरचा फेरा होतो, तोही दहातला सातदा. दुरून थांबवायचं बटण कायम एकाच्या हातात असतं आणि त्याला त्या वेळी फोन उचलायला बंदी.

रविवारी पुन्हा टोपला जातोय. या वेळी ब्रॅकेटखाली रबरी बुश घालून एक वेगळा प्रयोग आहे. मामांना तो पटलेला नाही, ते म्हणतात रबर घातलं तर परत नाच सुरू होईल. बुशचं स्टीलचं आवरण मात्र झकास टर्न झालंय. ज्यानं तो मेसेज आमच्या ग्रुपवर सगळ्यांत आधी टाकला, त्याच्याच लेथवर. बिल अजून द्यायचं राहिलंय.