पाठ ताठ ठेवून माणूस उचलता येत नाही

‘गुडघ्यात वाका, पाठ ताठ ठेवा, कंबरेला पट्टा बांधा, पाठ धरणारच नाही. जिची धरते तिला उचलायचं कसं तेच माहीत नसतं.’ वृद्धाश्रमातल्या मावशींसाठीचा हा मेसेज मला महिन्याभरात चार ग्रुपवर आला. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यातल्या दोन वृद्धाश्रमांत नेमाने जाते. हे वाचून मला फार वाईट वाटलं, कारण यातलं जवळपास काहीच खरं नाही.

आधी उचलण्याचं बघू. गुडघ्यात वाकायचा नियम खोक्यांसाठी ठीक आहे. खोकं अंगाशी धरता येतं. ते मध्येच पाय सोडत नाही, घाबरून गळ्याला मिठी मारत नाही. परवाच्या आजी ६२ किलोंच्या, पक्षाघात झालेल्या, घसरून कॉटच्या पायथ्याकडे आलेल्या. कॉट मावशींच्या मांडीला लागेल एवढी, उंची कमी-जास्त न होणारी. गुडघे वाकवायला गेल्या तर ते कॉटच्या लोखंडी पट्टीवर आपटतात. मग ओणवं होऊन, हात लांब करून आजींना उशीकडे ओढायचं. सगळा ताण कंबरेत. कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेच्या सूत्रावरून काढलेली रुग्ण उचलण्याची मर्यादा सुमारे १६ किलो आहे, आणि तीही सगळं अनुकूल असताना. ६२ किलोंना कुठली पद्धत पुरणार?

पट्ट्याचं तर १९९४ सालीच नायॉशने सांगून टाकलंय: धडधाकट कामगाराला इजा होऊ नये म्हणून पट्टा वापरा, अशी शिफारस करता येत नाही.

राहिलं ‘माहीत नसतं’. माझ्या मावशींना सगळं माहीत असतं. नसते ती दुसरी जोडीदारीण. नसते रुग्णाला सरकवायची घसरपट्टीसारखी स्लाइड शीट, नसते पेशंट लिफ्ट, म्हणजे रुग्णाला उचलणारं यंत्र. ब्रिटनमध्ये १९९२ च्या नियमांनी धोक्याची उचल शक्य तिथे टाळणं हे मालकाचं काम ठरवलं. आपल्याकडे ईएसआयची, म्हणजे कामगार विमा योजनेची नोंद असेल, तर कामावरच्या दुखापतीने घरी बसणाऱ्याला पगाराच्या ९० टक्के भत्ता मिळतो. पण मावशी पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत आलेल्या, माझ्या ओळखीच्या एकीचीही नोंद नाही.

परवाच्या आजींना ओढणाऱ्या त्या मावशी तीन आठवडे पाठीचं दुखणं अंगावर काढत होत्या. आधी का नाही बोललात, विचारलं तर म्हणाल्या, “ताई, तुम्हीपण म्हणाल, नीट उचललं नसेल.”