फिलिप्पै ४:१३ चा मेसेज: खुलासा

‘फिलिप्पै ४:१३ रोज १३ वेळा म्हणा, परीक्षा असो की व्हिसा, काम होणारच; आणि ज्याला काळजी वाटते त्याचा विश्वास कच्चा,’ असा मेसेज ख्रिस्ती मंडळ्यांच्या ग्रुपवर फिरतोय. हे वचन बायबलमधल्या, फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातलं: मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सर्व काही करू शकतो. मेसेजमधलं बाकी काहीच त्या पत्रात नाही.

प्रेषित पौलाने हे पत्र बंदिवासातून लिहिलं. आधीची दोन वचनं वाचा: पोट भरलेलं असो वा रिकामं, चणचण असो वा विपुलता, आहे त्यात समाधानी राहायला आपण शिकलो, असं तो म्हणतो. मग १३व्या वचनातलं सामर्थ्य कशासाठी ते कळतं: सगळं निभावून नेण्यासाठी. लगेच १४व्यात तो फिलिप्पैकरांना म्हणतो, संकटात साथ दिलीत हे बरं केलंत.

काळजीचं म्हणाल तर फिलिप्पैकरांनी पौलाकडे पाठवलेला एपफ्रदीत आजारी पडून मरणाच्या दारातून परतला होता. त्याला तुमच्याकडे धाडलं की माझी चिंता कमी होईल, असं याच पत्रात (२:२७-२८) पौलच लिहितो. ४:६ मधली रीत अशी: जी काळजी आहे ती प्रार्थनेत देवाला सांगायची, आभारांसह. मागणं सगळ्यांना जमतं, आभार तेवढे राहून जातात!

चिंतेवरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. मेसेज पुढे ढकलू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर ४:१०-१४ पूर्ण टाका.