खुलासा: 'द मिडनाइट स्पेशल' मध्यरात्री थेट दाखवत नसत

'एनबीसीवर दर शुक्रवारी रात्री बाराला वुल्फमन जॅकचा शो थेट दाखवत,' असा मजकूर जुन्या क्लिपांसोबत फिरतो आहे. तो चुकीचा आहे. हा शो म्हणजे 'द मिडनाइट स्पेशल', एनबीसी या अमेरिकी वाहिनीवरचा 1970 च्या दशकातला गाण्यांचा कार्यक्रम; वुल्फमन जॅक हा रेडिओवरचा डीजे.

त्याच्या आधी लागणारा गप्पांचा कार्यक्रम 'टुनाइट शो' दीड तासाचा होता. न्यूयॉर्कला तो साडेअकराला लागून एकला संपे आणि मग हा कार्यक्रम सुरू होई. शिकागोकडे घड्याळ एक तास मागे, म्हणून तिथे बारा वाजलेले असत. 1980 मध्ये 'टुनाइट' तासाभराचा झाला, तेव्हा न्यूयॉर्कची वेळही साडेबारावर आली.

गोंधळ मुख्यतः 'लाइव्ह' या शब्दाचा आहे. गायक-वादक बहुतेक वेळा खरोखर गात-वाजवत, नुसते ओठ हलवत नसत. हेच या शोचं खरं मोठेपण. पण चित्रीकरण आधीच झालेलं असे. ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीचा भाग लंडनच्या मार्की क्लबमध्ये ऑक्टोबर 1973 मध्ये चित्रित झाला आणि 16 नोव्हेंबरला दाखवला गेला. म्हणून क्लिपखालची तारीख प्रक्षेपणाची की चित्रीकरणाची, हे आधी बघा.

वुल्फमन या शोचा फक्त निवेदक होता. यजमान सहसा पाहुणे कलाकार असत. गायिका हेलन रेड्डी मात्र 1975-76 मध्ये काही महिने कायम यजमान होती.