अल्फाफोल्ड आलं म्हणून मास स्पेक भंगारात?

बायॉलॉजीवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: अल्फाफोल्ड या एआयने सगळ्या प्रथिनांच्या रचना काढल्या, २०२४ चं नोबेलही मिळालं, आता कोणतं प्रथिन कुणाला चिकटतं हेही संगणकच सांगेल. मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूंचं वजन करून ते ओळखणारं मशीन, म्हणजेच मास स्पेक) भंगारात काढा, त्याच्या प्रथिनांच्या याद्यांत नाहीतरी कचराच असतो.

नोबेल खरं आहे (अर्धं, उरलेलं संगणकावर नवी प्रथिनं रचणाऱ्या डेव्हिड बेकर यांना). वीस कोटींहून जास्त रचनांचे अंदाज २०२२ पासून फुकट मिळतात, आम्हीही रोज उघडतो. ते अंदाज आहेत एवढं लक्षात ठेवलं की झालं.

मेसेजमध्ये पुढे म्हटलंय, ‘दोन क्रम (प्रथिनांतल्या अमिनो आम्लांची ओळ) टाका, चिकटतात का ते कळेल.’ पण कोणते दोन? माणसाची वीसेक हजार जीन्स धरली तरी जोड्या वीस कोटींच्या घरात जातात. मास स्पेकला जोडी आधी ठाऊक लागत नाही. २०२० मध्ये नेव्हन क्रोगन यांच्या गटाने सार्स-कोव्ह-२ ची (कोविडच्या विषाणूची) २६ प्रथिनं टॅग (धरायला सोपी शेपटी) लावून एकेक करत माणसाच्या पेशींत घातली. पेशी फोडल्या, टॅग बीड्सना (बारीक मण्यांना) अडकवला, सैल होतं ते धुतलं, उरलं त्याचे ट्रिप्सिन या एन्झाइमने तुकडे केले आणि मशीनने ते वजनावरून ओळखले. ३३२ जोड्या निघाल्या. त्यातली एक म्हणजे विषाणूचं ओआरएफ९बी हे प्रथिन आणि पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या बाह्य आवरणातलं टॉम७०. पुढे क्रायो-ईएममध्ये (गोठवलेला नमुना बघणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) पाहिलं, तर एरवी बीटा-पट्ट्यांची जोडी करून बसणारं ओआरएफ९बी टॉम७० च्या खोबणीत चक्क हेलिक्स (मळसूत्र) होऊन बसलेलं! क्रम तोच, जोडीदार बदलला आणि आकारच पालटला.

‘नवं अल्फाफोल्ड रासायनिक बदल झालेली प्रथिनंही हाताळतं.’ हे त्या मेसेजमधलं सगळ्यात बरं वाक्य. अल्फाफोल्ड ३ ला फॉस्फेट कुठे बसवायचा ते सांगता येतं. पण या पेशीत, या घटकेला तो कुठे बसलाय? १४-३-३ कुळातली प्रथिनं बहुधा फॉस्फेट बसल्यावरच जोडीदाराला धरतात. फॉस्फेटमुळे तुकडा ८० डाल्टनने (डाल्टन हे रेणूंच्या वजनाचं एकक) जड झाला, हे सांगायला मास स्पेकच लागतं.

राहिला कचरा. असतो ना! माझ्या पहिल्या पुल-डाउनच्या (असाच टॅग धरून जोडीदार ओढून काढण्याच्या प्रयोगाच्या) यादीत सगळ्यात वर केराटिन होतं, म्हणजे माझीच कातडी नि केस. खाली ट्युब्युलिन, हीट शॉक प्रथिनं, रायबोसोम असे नेहमीचे आगंतुक. म्हणूनच नुसत्या टॅगचा कंट्रोल सोबत रन करतात आणि दोन्हीकडे सारखं दिसेल त्यावर काट मारतात. यादीत आलेलं प्रत्येक प्रथिन थेट चिकटलेलंच असतं असंही नाही. मधला तिसराच कुणी दोघांना धरून असू शकतो. थेट शेजार बघायचा तर डीएसएससारखा क्रॉसलिंकर (जवळच्या दोन जागा एकमेकींना जोडणारं रसायन) टाकतात. तो दोन लायसिनना (प्रथिनातली अमिनो आम्लं) पकडतो, म्हणजे ती दोन साधारण ३० अँगस्ट्रॉमच्या (३ नॅनोमीटरच्या) आत होती. हीच अंतरं मग अल्फाफोल्डच्या मॉडेलवर ताडून पाहायची. आमचं ताजं मॉडेल दिसायला देखणं आहे, पण निम्म्याहून जास्त क्रॉसलिंक त्यात बसेनात. सॅम्पल पुन्हा रनला लावलंय.