एक कोटीची नोटीस आणि लाल गोलातला फोटो

बदनामी हा फौजदारी गुन्हा असू नये, असं माझं ठाम मत आहे. आणि सोसायटीच्या ग्रुपवर कुणाचंही नाव खराब करून आज जितकं सहज सुटता येतं, तितकं सुटता येऊ नये, हेही तितकंच ठाम मत आहे. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी कशा वाटू शकतात, असं एका मित्राने विचारलं. ठाण्याच्या घोडबंदर रोडला राहून दोन्ही बघितल्यात म्हणून वाटतात. पोस्ट लांब आहे, पण वाचा.

आमच्या कॉम्प्लेक्समध्ये एक निवृत्त शिक्षक आहेत. सगळे त्यांना सर म्हणतात. उन्हाळ्यात आमच्या पट्ट्यात पाण्याची काय बोंब असते ते माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत कुणालाही विचारा. टँकरवर मेंटेनन्सचा मोठा हिस्सा जातो. सरांनी ग्रुपवर तीन प्रश्न टाकले. दिवसाला टँकर किती येतात, गेटवर त्याची नोंद कोण करतं, आणि शेजारच्या सोसायटीपेक्षा आपला दर जास्त का? कुणाला चोर म्हटलं नाही, कुणाचं नाव घेतलं नाही. आठवड्याभरात कमिटीच्या एका पदाधिकाऱ्याच्या वकिलाची नोटीस आली. चार पानं, इंग्रजीत. सात दिवसांत बिनशर्त माफी मागा, नाहीतर एक कोटीची नुकसानभरपाई आणि वर फौजदारी खटला. काकूंची झोप उडाली. बंगळूरहून मुलाचा फोन, "बाबा, आधी डिलीट करा ते." सरांनी पोस्ट काढली. टँकरचा दर आजही आम्हाला माहीत नाही.

ही नोटीस कशी चालते ते समजून घ्या. नोटीस म्हणजे कोर्टाचा आदेश नव्हे. कुणीही वकिलाकडे जाऊन ती काढू शकतो. एक कोटी हा आकडा लिहायला काहीच लागत नाही. पण तोच दावा खरोखर कोर्टात लावायचा तर रकमेच्या हिशेबाने कोर्ट फी भरावी लागते. म्हणून अशा नोटिसांतला आकडा हा बहुतेक वेळा फक्त घाबरवण्यासाठी असतो. "पोलिसात देतो" हेही तसंच. बदनामी हा अदखलपात्र आणि जामीनपात्र गुन्हा आहे. नुसत्या बदनामीसाठी पोलीस परस्पर गुन्हा नोंदवून उचलून नेऊ शकत नाहीत. तक्रारदाराला मॅजिस्ट्रेटकडेच जावं लागतं. आणि सरांनी जे विचारलं त्याला तर कायद्यातच जागा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 नुसार सभासदाला ताळेबंद आणि सभांची इतिवृत्तं बघायचा हक्क आहे, तोही फुकट. पण हे सगळं सत्तरीतल्या माणसाला रात्री अकरा वाजता कोण सांगणार? त्याला "दोन वर्षं कैद" एवढंच दिसतं. पूर्वी भारतीय दंड संहितेची 499 आणि 500 ही कलमं होती, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 356 आलं. दंड किंवा समाजसेवा असे पर्याय त्यात आहेत, पण दोन वर्षांपर्यंतची कैद आहे तशीच आहे. नोटिशीचा सगळा दरारा त्या कैदेवर उभा आहे.

आता दुसरी गोष्ट. एका विंगमध्ये घरकाम करणाऱ्या ताईंवर सोन्याच्या पाटल्या चोरल्याचा संशय घेतला गेला. पोलिसात तक्रार नाही, काही नाही. लिफ्टच्या सीसीटीव्हीतला फोटो, चेहऱ्याभोवती लाल गोल, खाली "या बाईपासून सावध राहा, प्लीज फॉरवर्ड". संध्याकाळपर्यंत तो मानपाड्याच्या, वाघबीळच्या, ब्रह्मांडच्या ग्रुपांवर फिरला. दुसऱ्या दिवशी गेटवरच्या ॲपमध्ये त्यांची एंट्री बंद. चार घरची कामं सुटली. पुढे त्या पाटल्या बँकेच्या लॉकरमध्येच निघाल्या. ग्रुपवर त्यावर आलेला मेसेज होता: "मिळाल्या, थँक्यू ऑल", आणि हात जोडल्याची खूण. चोरी झालीच नव्हती, ताईंची क्षमा मागतो, असं कुणी लिहिलं नाही. फोटो अजून फिरतोय. परवा दुसऱ्या कॉम्प्लेक्समधल्या माझ्या बहिणीला तो आला.

कायद्याच्या व्याख्येत बसणारी बदनामी ही आहे. खोटा आरोप, माणूस ओळखता येईल असा, चारचौघांत, आणि त्यापायी पोटावर पाय. पण त्या ताई ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर जाऊन वकील लावतील? दिवाणी दावा एका वर्षाच्या आत लावावा लागतो, हे त्यांना कोण सांगणार? तारखेला गेल्या तर उरलेली कामंही जातील. ज्याच्या अब्रूला काही झालं नव्हतं त्याला नोटीस परवडली. जिची अब्रू खरोखर गेली, तिला रिक्षाभाडंही परवडलं नाही. मला या कायद्याचा राग आहे तो यामुळे.

हे आजचं नाही. 1882 साली याच बदनामीच्या कायद्याखाली टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस होते. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होतोय असं 'केसरी' आणि 'मराठा'ने छापलं, दिवाण बर्वे यांनी खटला भरला, आणि ज्या पत्रांच्या आधारावर छापलं ती बनावट निघाली. शाळेत आपण तुरुंगवास शिकतो, बनावट पत्रांचं फारसं कुणी सांगत नाही. मला ती बाजू फार महत्त्वाची वाटते. महाराजांबद्दलची काळजी खरी होती. पुढच्याच वर्षी त्यांचा अहमदनगरला अंत झाला. कागद मात्र खोटे होते. काळजी कितीही खरी असली तरी कागद तपासावा लागतो, हे त्यातून शिकावंच. पण चुकीच्या कागदावर विश्वास ठेवला म्हणून संपादकांना कैद? इंग्रजांनी 1860 च्या दंड संहितेत आपल्याला हे कलम दिलं आणि स्वतःच्या देशात 2009 मध्ये फौजदारी बदनामी रद्द केली. श्रीलंकेने त्याआधीच, 2002 मध्ये. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 13 मे 2016 ला ती घटनात्मक ठरवली. निकाल मान्य करावाच लागतो, पटला पाहिजे असं नाही.

तुरुंगाची भीती काय करते हे आपल्या जिल्ह्याइतकं कुणाला माहीत असेल? नोव्हेंबर 2012 मध्ये पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने लाइक केलं, दोघींना अटक झाली. त्यातूनच श्रेया सिंघल यांची याचिका झाली आणि 24 मार्च 2015 ला सर्वोच्च न्यायालयात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66अ कलम, म्हणजे ऑनलाइन मजकुरासाठी तुरुंगात टाकणारं कलम, रद्द झालं. तरी 2022 मध्ये ठाणे पोलिसांनी शरद पवारांवरच्या फेसबुक पोस्टवरून एका मराठी अभिनेत्रीला अटक केली, महिनाभराहून जास्त ती आत होती. ती पोस्ट मला किळसवाणी वाटली होती, आजही वाटते. त्यासाठी कुणी एक रात्रही कोठडीत काढू नये. दोन्ही वेळा ज्यांच्यावरून वाद झाला ते नेते वेगवेगळ्या पक्षांचे होते, त्यामुळे कृपया कमेंटमध्ये पक्ष आणू नका.

ॲडमिन मंडळींसाठी एक सांगतो, कारण फोटोच्या वेळी आमचे ॲडमिन "माझ्यावर येईल" म्हणून गप्प बसले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्येच सांगितलंय की दुसऱ्या सदस्याच्या मेसेजसाठी, त्यात ॲडमिनचा स्वतःचा हात नसेल तर, निव्वळ ॲडमिन आहे म्हणून तो गुन्हेगार ठरत नाही. तेव्हा भीती सोडा आणि असा फोटो दिसला की डिलीट करा.

संसद काय करेल ते करो. सप्टेंबरमध्ये आमची वार्षिक सर्वसाधारण सभा आहे, तिच्यासाठी मी ठराव दिलाय. पोलीस तक्रार नसताना कुणाही कामगाराचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही. टाकला आणि खोटा निघाला, तर टाकणाऱ्याने त्याच ग्रुपवर आणि जिथे जिथे पाठवला तिथे नाव घेऊन माफी लिहायची, आणि गेटची एंट्री त्याच दिवशी सुरू करायची. खर्चाबद्दल प्रश्न आला तर उत्तर म्हणून बिल दाखवायचं, वकील नाही. सरांनी अनुमोदक म्हणून सही केली आहे. तुमच्या सोसायटीत असा नियम आधीच असेल तर त्याची भाषा मला पाठवा, मसुदा अजून कच्चा आहे.