सांधा दिसू द्यायचा की लपवायचा? एका खरमरीत प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

उत्तर द्यायला उशीर झाला, कारण तुमची प्रतिक्रिया बाजूच्या खिडकीत उघडी ठेवून फाईलमधला एकेक लेयर (चित्राचा एकावर एक रचलेला थर) बंद-चालू करून बघत होतो. ज्यांनी मूळ चित्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ओल्या वाळूवर ठेवलेला अवाढव्य टाइपरायटर, मागे समुद्र आणि वर शीर्षक 'लाटांचं टंकलेखन'. तुमचं म्हणणं असं की टाइपरायटर चिकटवल्यासारखा दिसतो, त्याची सावली उलट्या बाजूला पडलीय, ओल्या वाळूत प्रतिबिंब नाही, शीर्षकाची अक्षरं सुटी पडलीत आणि त्यातला ल हिंदी वळणाचा आहे. शिवाय 'सांधा दिसला की फोटोमोंटाज फसला' हे एक वाक्य (फोटोमोंटाज म्हणजे वेगवेगळ्या फोटोंचे तुकडे जोडून केलेलं एक चित्र, आणि सांधा म्हणजे ते जिथे जोडले ती जागा), आणि शेवटी 'घाईत उरकलेलं वाटतं'.

शेवटचं आधी निकालात काढतो. घाईत केलं की निवांत, हे चित्र बघणाऱ्याला कळायचं कारण नाही, आणि कळलं तरी मी त्याचं काय करू? पण 'सावली उलट्या बाजूला' म्हटलंत की मला नेमकं कुठे झूम करायचं ते कळतं. 'मस्त' आणि 'काहीतरी खटकतंय' या दोन्ही प्रतिक्रिया माझ्या दृष्टीने सारख्याच, दोन्हींनी हात हलत नाही. तुमच्या बाकी सगळ्या मुद्द्यांनी हलला.

सावलीचं बघा. समुद्राच्या फोटोत ऊन डावीकडून येतं, कडक ऊन, म्हणजे सावलीची कड धारदार हवी. टाइपरायटर घरात खिडकीशी काढलेला, उजेड उजवीकडून आणि मऊ. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे टाइपरायटर आडवा फ्लिप करायचा, म्हणजे डावं-उजवं उलटवायचं, कुणीही हेच सुचवेल, पण मग कळांवरची अक्षरं आरशातल्यासारखी उलटी होतात आणि रोलर परत ढकलायचा दांडा, जो बहुतेक यंत्रांत डावीकडे असतो, तो उजवीकडे जातो. टाइपरायटर वापरलेल्या माणसाला ते लगेच खुपणार. म्हणून समुद्रच फ्लिप केला. समुद्राला डावं-उजवं नसतं (ओळखीचा खडक किंवा नाव लिहिलेली होडी फोटोत नसली तर). बाजू जुळली, पण कडक ऊन आणि मऊ उजेड यांचं काही जमेना, आणि सावली कितीही नीट रंगवली तरी वस्तूच्या अंगावरचा प्रकाश चुगली करतोच.

आता चिकटवल्यासारखं का दिसतं. तुम्ही दोष सावलीला दिलात, मला वाटतं खरं दुखणं क्षितिजात आहे. क्षितिजाची रेषा नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीला असते, म्हणजे जी वस्तू क्षितिजाच्या वर डोकं काढते ती कॅमेऱ्यापेक्षा उंच असते, आणि कॅमेऱ्यापेक्षा उंच वस्तूचा माथा आपल्याला दिसूच शकत नाही. माझा टाइपरायटर क्षितिज ओलांडून आभाळात घुसलेला आणि तरी त्याच्या रोलरची वरची बाजू छान दिसत होती, कारण मूळ फोटो उभं राहून खाली बघत काढलेला. बघणाऱ्याला हे शब्दात सांगता येत नाही, पण डोळा पकडतो आणि मग समोर जे सापडेल, सावली म्हणा कड म्हणा, त्याच्यावर खापर फोडतो. हे ब्लर मारून, कडा घासून सुटत नाही. टाइपरायटर लहान करून क्षितिजाखाली आणायचा किंवा फोटो नव्याने काढायचा. लहान केला तर चित्रातली गंमतच जाते, म्हणून कॅमेरा पार टेबलाच्या पातळीला टेकवून पुन्हा काढला, या वेळी उन्हात, आणि ऊन डावीकडून. म्हणजे समुद्र फ्लिप करायची खटपट वाया गेली, तो परत सुलटा केला.

प्रतिबिंबाचा मुद्दा एकदम मान्य, पण ते दिसतं तितकं सोपं प्रकरण नाही. बरेच जण त्याच फोटोची कॉपी उलटी करून खाली लावतात आणि ऑपॅसिटी कमी करतात, म्हणजे ती फिकी, आरपार दिसेल अशी करतात. प्रतिबिंबात वस्तू खालून बघितल्यासारखी दिसते, त्यामुळे वरून काढलेल्या फोटोची कॉपी उलटवली की कळांचे माथे वाळूत दिसायला लागतात, जे अशक्य आहे. खालच्या कोनातून काढलेल्या नव्या फोटोत ही अडचण जवळजवळ मिटली. अजून एक गोष्ट तुम्ही लिहिली नव्हती, जाता जाता सांगतो. समुद्राच्या फोटोत दमट हवेमुळे सगळ्यात गडद जागासुद्धा निळसर करडी होती आणि टाइपरायटरचा काळा मात्र अगदी डांबरी काळा. कर्व्ह्जमध्ये (उजेड-अंधार कमीजास्त करायचं साधन) काळ्याचं टोक थोडं वर उचलून त्यात निळा मिसळला, शेवटी सगळ्या लेयरवर एकच बारीक ग्रेन (फोटोतला दाणेदारपणा) टाकला, आणि तो बापडा जागेवर बसला.

'सांधा दिसला की फसला' याच्याशी मात्र मी सहमत नाही. ती एक परंपरा झाली, जुनी आणि मोठी. रेयलँडर या छायाचित्रकाराने १८५७ मध्ये तीसच्या वर निगेटिव्ह जोडून एकसंध वाटेल असं चित्र केलं, पुढच्याच वर्षी रॉबिन्सन या दुसऱ्या छायाचित्रकाराने पाच निगेटिव्हमधून मरणासन्न मुलीचं चित्र उभं केलं, तेव्हा कॉम्प्युटर सोडा, धड फिल्मही नव्हती. पण पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनच्या डाडा मंडळींनी (कलेचे रूढ नियम मोडणारी चळवळ) बरोबर उलटं केलं. त्यांच्यातल्याच हाना होख या चित्रकर्तीची चित्रं बघा, मासिकांतून कात्रीने कापलेली डोकी, यंत्रांची चाकं, छापील अक्षरं, कापल्याची कड ढळढळीत दिसते आणि दिसावी हाच हेतू. त्याच गोतावळ्यातला हार्टफील्ड, तो १९३० च्या दशकात नाझींची टर उडवताना बहुतेकदा सांधा बुजवायचा, कारण बघणाऱ्याने क्षणभर फोटो खरा मानला तरच टोमणा लागतो. म्हणजे दिसणारा सांधा हा दोष नाही, अर्धा दिसणारा सांधा हा दोष. माझ्या चित्रात खालचा भाग खरा वाटावा म्हणून धडपडत होता आणि वर शीर्षकाला जाड पांढरी किनार, जणू कात्रीने कापून चिकटवलंय. एकाच कागदावर दोन वेगळे कारभार. तुमच्या सावलीच्या आणि शीर्षकाच्या तक्रारी मला म्हणूनच एकच वाटतात.

शीर्षकाकडे येतो. अक्षरांमधलं अंतर मी मुद्दाम वाढवलं होतं, टाइपरायटरचा फील यावा म्हणून. रोमन कॅपिटल्सना ते शोभतं, देवनागरीत मात्र ट्रॅकिंग (म्हणजे हेच अंतर) वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द एकसंध न राहता टां, चं, टं असे तुकडे पडतात. आणि टाइपरायटरचा बचाव पण टिकत नाही, कारण मराठी टाइपरायटरवर प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं आणि ते तुकडे शेजारी शेजारी बसून रेघ होते, थोडी खालीवर, पण रेघच. हवेशीर अक्षरं पाहिजेत तर मुळातच रुंद वळणाचा फॉन्ट घ्यायचा. दोन ओळींतलं अंतरही वाढवलं, इंग्रजीच्या हिशोबाने ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्या-रफारांवर आदळतात.

ल बद्दल शंभर टक्के. २००९ च्या शासन निर्णयातही ल आणि श मराठी वळणाचेच दिलेत. बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, पण मजकूर मराठी आहे हे सॉफ्टवेअरला सांगावं लागतं, नाहीतर ते गुपचूप हिंदी रूप देतं. काही फॉन्टमध्ये मराठी रूप नसतंच, माझा त्यातलाच होता, बदलला. ज्यांना जुन्या फोटोशॉपमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर गेलेली दिसते त्यांनी टेक्स्ट इंजिनच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट चालू करा, फॉन्टला शिव्या देऊ नका.

शीर्षकामागे काळी पट्टी टाका असं तुम्ही सुचवलं होतं, ते नाही केलं. लाटांवर अक्षरं वाचता येत नव्हती हे खरं, पण पट्टी टाकणं म्हणजे जागा चुकली हे झाकणं. आता किनार काढली आणि शीर्षक टाइपरायटरमधल्या कागदावरच आणलं, कागदाच्या गोलाईप्रमाणे वाकवून, शाई कुठे गडद कुठे फिकी. नवीन चित्र वर लावलंय. मोबाईलवर लहान दिसतं तेव्हा 'लाटांचं' मधले दोन्ही अनुस्वार मला अजूनही कागदाच्या वरच्या कडेला घासल्यासारखे वाटतात. कागद अजून वर सरकवू की अक्षरं एक साईज कमी करू? तुम्हाला काय वाटतं ते लिहा, आणि या वेळीही हातचं राखू नका.