‘घोड्याचा आवाज’ या लेखावरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

एकनळी बंदुकीचा घोडा (पिनेवर आपटून काडतूस पेटवणारा, अंगठ्याने मागे ओढायचा भाग) ओढताना आणि बंदूक हाताळताना होणारा आवाज जनावराच्या कानावर कसा जाऊ द्यायचा नाही, या माझ्या लेखावर ‘जुना शिकारी’ या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. तिच्यातलं मुख्य वाक्य असं: ‘चाप दाबून घोडा मागे घ्यायला सांगणारा माणूस उद्या कुणाच्या तरी मरणाला कारण होईल, कोथरूडच्या सोसायटीत बसून रानडुकराच्या गोष्टी शिकवू नका.’ बाकी वारा, वास, टेप, काडतुसं यांबद्दलचे मुद्दे आहेत.

महोदय, मतभेदाला माझी हरकत नाही, पण ‘कोथरूडच्या सोसायटीत’ हे कशासाठी? माणूस राहतो कुठे यावरून त्याला बंदूक कळते की नाही हे ठरत नसतं. मुळशीत आमची भातशेती आहे. पिकाच्या रक्षणासाठीचा परवाना आधी वडिलांच्या नावावर होता, आता तीस वर्षं माझ्या नावावर आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे त्याचं नूतनीकरण मी एकदाही चुकवलेलं नाही. डुकरावर बंदूक उचलायची ती वन्यजीव कायद्याच्या अकराव्या कलमाखाली लेखी परवानगी मिळाल्यावरच, हे लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात आहे. तेवढंही न वाचता तुम्ही मला मरणाला कारण होणारा म्हणालात. हे वाक्य कुणाच्याही बाबतीत लिहिताना जरा थांबायला हवं होतं.

आता त्या वाक्यातल्या मुद्द्याकडे. बाहेर घोडा असलेल्या एकनळीत घोडा मागे ओढताना ‘टक्-टक्’ होतं, कारण चापाचं आतलं टोक आधी घोड्याच्या अर्ध्या खाचेत (घोड्याला अर्ध्या वाटेवर अडवणाऱ्या) आणि मग पूर्ण खाचेत स्प्रिंगच्या जोराने पडतं. चाप दाबून धरला की ते टोक खाचांपासून दूर राहतं, म्हणून आवाज होत नाही. पण नेमकं त्याच वेळी घोड्याला अडवणारं तुमच्या अंगठ्याशिवाय काहीच नसतं. अंगठा निसटला तर बार उडणार. ज्या नव्या बंदुकांत घोडा आणि पिन यांच्या मध्ये सुरक्षापट्टी असते, त्यांतही उडणार, कारण चाप दाबलेला असताना ती पट्टी वर आलेली असते. हे मी लपवलेलं नाही. लेखात ठळक अक्षरांत आहे.

म्हणूनच क्रम महत्त्वाचा. नळीचं तोंड आधी बांधाच्या मातीकडे, माणूस आणि दगड दोन्ही नसलेल्या बाजूला. अंगठा घोड्यावर आडवा, पेराच्या मधल्या भागाने, नुसत्या टोकाने नाही. मग चाप दाबायचा, घोडा पूर्ण मागे, खाचेच्याही किंचित पलीकडे न्यायचा आणि तिथेच धरून ठेवायचा. आता चाप सोडायचा आणि बोट चापाच्या कडीबाहेर. त्यानंतरच घोडा सावकाश पुढे येऊ द्यायचा. टोक खाचेत बसलं की अंगठ्याला ठाम आधार लागतो. तो आधार लागल्याशिवाय अंगठा काढायचा नाही.

चुका होतात त्या दोन ठिकाणी. पहिली, चाप सुटायच्या आधीच घोडा सुटतो. दुसरी जास्त फसवी आहे: घोडा पुरेसा मागे गेलेला नसतो, टोक खाचेच्या काठावर टेकतं, सगळं ठीक बसल्यासारखं वाटतं आणि दस्ता मचाणाच्या बांबूला आपटला की निसटतं. खाच झिजलेल्या जुन्या बंदुकीत हे हमखास होतं. अशी बंदूक आधी परवानाधारक कारागिराला दाखवा, तिच्यावर ही पद्धत करूच नका. बोटं गारठलेली, घामेजलेली किंवा हातमोज्यात असतील तरीही करू नका. सराव रिकाम्या बंदुकीवर, नळी उघडून मागच्या बाजूने पाहून खात्री केल्यावर, खोटं काडतूस घालून. डोळे मिटून सलग वीस वेळा अंगठा न निसटता जमलं तर पुढे जा. नाहीतर जनावर दूर असताना, वाऱ्याची झुळूक पिकातून सळसळत जाते त्या क्षणी, घोडा तळहाताखाली झाकून साध्या पद्धतीनेच ओढा. हा पर्यायही लेखात होता.

एवढा खटाटोप कशासाठी, असं तुम्ही विचारलंत. एकनळीत दुसरी गोळी नसते, म्हणून. धातूचा ‘टक्’ रानात पानाच्या आवाजात मिसळत नाही. डुकराची नजर अधू, पण कान आणि नाक तिखट. ते दचकून पळालं की माणूस घाईत धावत्या जनावरावर बार टाकतो, ते जखमी होऊन उसात शिरतं आणि सकाळी त्याच उसात बायका-पोरं कामाला जातात. मला काळजी त्याची आहे. आवाजाचा विषय मी डौलासाठी घेतलेला नाही.

तुमची एक गोष्ट मान्य. बंदुकीच्या पट्ट्याच्या कड्यांवर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळा, असं मी लिहिलं होतं. उन्हात तिचा चिकट थर पाघळतो आणि सुटताना ती चर्र वाजते, हे तुमचं बरोबर आहे. लेखात दुरुस्ती केली: सायकलच्या जुन्या ट्यूबचा बोटभर रुंद तुकडा कडीवर चढवा. नवी ट्यूब नको, तिला वास येतो.

काडतुसं सदऱ्याच्या खिशात ठेवली तर काय बिघडतं, म्हणता. पितळी बुडं एकमेकांवर वाजतात, ते बिघडतं. कापडी पट्ट्यात सुटी-सुटी खोचा. वाऱ्याबद्दल आणि वासाबद्दल लेख नव्हताच. नळीच्या तोंडाशी होणाऱ्या आवाजाबद्दलही नव्हता. त्यावर उत्तर देत बसत नाही.

खोबरेल तेलाबद्दलचं तुमचं वाक्य मात्र सोडता येत नाही, कारण कुणीतरी ते करून बसेल. ‘आम्ही पिढ्यान् पिढ्या खोबरेलच लावतो.’ खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं. मुळशीत थंडीतल्या पहाटे घोड्याच्या सांध्यातलं तेल घट्ट होतं, घोडा मंद पडतो, पिनेचा ठोसा हलका बसतो आणि बार उडत नाही. बंदुकीचं पातळ तेल थेंबभर लावा आणि कोरड्या फडक्याने पुसून घ्या. नळी मिटताना ‘खट्’ वाजते तिथेही घोड्यासारखंच: नळी उघडायची कळ अंगठ्याने दाबून धरा, नळी हाताने वर आणा, मग कळ सावकाश सोडा आणि ती पूर्ण मधोमध आली का ते बोटाने चाचपा. अर्धवट आलेल्या कळीवर बार टाकू नका. नळीखालचं लाकूड खडखडत असेल तर पातळ चामड्याची चकती आत बसवा.

खरा धोका ज्यात आहे, तो घोडा उतरवण्याचा प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत. बार टाकायचा नाही असं ठरलं की, घोडा ओढलेला असताना उघडता येणारी बंदूक असेल तर आधी उघडून काडतूस काढा. तशी नसेल तर तोंड मातीकडे, अंगठा घट्ट, चाप दाबून घोडा जरासा हलला की चाप लगेच सोडा आणि मग घोडा खाली आणा. म्हणजे अंगठा निसटलाच तर अर्धी खाच किंवा सुरक्षापट्टी त्याला अडवते. शेवटपर्यंत चाप दाबून ठेवणारे मी पाहिले आहेत, आणि तेही स्वतःला जुनेच म्हणवतात.

तुमची दुसरी प्रतिक्रिया मी प्रसिद्ध केलेली नाही. तिच्यात माझ्या वडिलांबद्दल जे आहे ते काढून परत पाठवलीत, तर टाकेन.